कस्टम करून घेतलेलं पिस्तूल परत आलं, पण घोडा आपोआप पडतोय. आता काय करू?

दुसरा_श्वास

नमस्कार मंडळी. आधी पिस्तूल सांगतो, मग रडगाणं. (घोडा म्हणजे चाप ओढला की पडून बार उडवणारा मागचा हातोडा.)

१९११ पद्धतीचं, म्हणजे जुन्या अमेरिकी लष्करी पिस्तुलाच्या धर्तीचं, .४५ एसीपी काडतुसाचं, पाच इंची नळी. अकरा वर्षं माझ्याकडे आहे. परवाना चोख, काम एकच, २५ मीटरवरचं कागदी टार्गेट. कारखान्यातून जसं आलं तसंच इतकी वर्षं वापरलं आणि त्याने मला कधी दगा दिला नाही. पन्नाशी गाठली तेव्हा म्हटलं, स्वतःसाठी काहीतरी करू. एका चांगलं नाव असलेल्या गनस्मिथकडे चार कामं सांगून दिलं: नवी मॅच नळी (स्पर्धेसाठीची) बसवायची, चाप हलका करायचा, मुठीमागची सेफ्टी (मूठ आवळल्याशिवाय चाप चालू न देणारी) रुंद शेपटीची लावायची आणि मुठीच्या पुढच्या पट्टीवर चेकरिंग, म्हणजे पकडीसाठी कोरलेली चौकोनी जाळी, करायचं. सहा महिने म्हणाला होता, चौदा लागले. त्याबद्दल तक्रार नाही. हातकाम करणाऱ्याला घाई करू नये असं मीच सगळ्यांना सांगत फिरतो.

घरी आणून पेटी उघडली तेव्हा खरंच डोळे निवले. काळं इतकं खोल चढवलंय की खिडकी दिसते त्यात. मग हातात घेतलं. चेकरिंगच्या एका ओळीत नख धरून खालून वर नेलं, तर अर्ध्या वाटेत नख शेजारच्या ओळीत गेलं. पुन्हा नेलं, पुन्हा तेच. भिंग लावून पाहिलं तर डावीकडचे चौकोन टोकदार आणि उजवीकडचे चपटे, बोथट. मुठीमागच्या सेफ्टीची फट डाव्या बाजूला केसाएवढी आणि उजव्या बाजूला पोस्टकार्ड जाईल एवढी. मन खट्टू झालं, पण म्हटलं चालायचंच, शेवटी नेम महत्त्वाचा.

रेंजवर पहिलं मॅगझिन सुरळीत. दुसऱ्यात चौथी गोळी चेंबरमध्ये चढतानाच्या उतारावरच नाक वर करून अडकली. तिसरं मॅगझिन घातलं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) सोडली, ती पुढे गेली, आणि पाहतो तर घोडा पूर्ण चढलेला नाही, अर्ध्या खाचेत, म्हणजे पडता घोडा वाटेत अडवणाऱ्या खाचेत, अडकलाय. चाप ओढला नव्हता. बोट चापाच्या कडीबाहेर, फ्रेमवर होतं, हे मी शपथेवर सांगतो. नळी टार्गेटकडेच ठेवून मॅगझिन काढलं, चेंबर रिकामं केलं, रेंज अधिकाऱ्याला दाखवलं आणि घरी आलो. घरी रिकाम्या पिस्तुलावर वीस वेळा स्लाइड सोडून पाहिली. तीन वेळा घोडा पडला. चाप ओढायला किती जोर लागतो ते मित्राच्या गेजवर मोजलं: ७८० ग्रॅम.

गनस्मिथला फोन केला. म्हणाला, "तुमची पकड सैल आहे. आणि नवं काम आहे, दोनशे गोळ्या मारा, सगळं बसेल." माणूस वयाने मोठा, हाताला नाव असलेला. माझी जीभच वळेना. दोनशे गोळ्यांनी खरंच बसतं का? की पैसे परत मागू? की सरळ दुसऱ्याकडे नेऊ? रात्री झोप लागत नाही हो.

जुनी_कानस

दोनशे काय, एकही मारू नका. आज, आत्ता, त्या पिस्तुलात काडतूस घालणं बंद.

नळी नवीन असेल तर थोडी बसते, स्लाइड आणि फ्रेमची रुळं बसतात, हे खरं. घोड्याचं पडणं "बसत" नाही, वाढत जातं. कसं ते सांगतो, म्हणजे पुढच्या फोनला तुमची जीभ वळेल.

घोडा चढल्यावर त्याला अडवून धरते ती एक छोटी खिटी, सिअर. घोड्याच्या बुडाशी दोन आकडे, म्हणजे छोटे हुक असतात, त्यांची उंची साधारण अर्धा मिलिमीटर. त्या अर्ध्या मिलिमीटरवर सगळा कारभार. आता स्लाइड पुढे जाऊन आदळते तेव्हा अख्खं पिस्तूल पुढे झटका खातं. चाप मात्र जडत्वाने जागच्या जागी राहू पाहतो, म्हणजे फ्रेमच्या हिशेबाने तो मागे सरकतो आणि खिटीला ढोसतो. कारखान्याच्या पिस्तुलात आकडे पुरेसे उंच, स्प्रिंग पुरेशी कडक, त्यामुळे काही होत नाही. कोणी आकडे जास्त घासले, खिटीचा कोन चुकवला किंवा स्प्रिंग ढिली केली, की तेवढ्या ढुशीनेही खिटी सुटते. घोडा खाली येतो आणि नशिबाने अर्ध्या खाचेत अडकतो. पण अडकतो कशावर? त्याच खिटीच्या नाजूक धारेवर. प्रत्येक वेळी धार थोडी मोडते, पुढचं पडणं आणखी सोपं होतं. एखाद दिवशी अर्धी खाचही चुकली की एका चापाला दोन गोळ्या. दुसरी सुटेल तेव्हा नळी उसळून वर गेलेली असेल, आणि ती कुठे जाईल हे तुम्ही ठरवलेलं नसेल.

म्हणून रिकाम्या चेंबरवर वीस वेळा स्लाइड आपटलीत त्याबद्दल तुमचा कान धरायला हवा. काडतूस वर ढकलताना स्लाइडचा वेग थोडा मरतो. चेंबर रिकामं असलं की पूर्ण वेगाने आदळते. तीन वेळा घोडा पडला म्हणजे ती धार तीन वेळा ठेचली. आता तपासायचं तर हळू हाताने.

मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही पाहा, काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग तीन गोष्टी करा. घोडा चढवा, मुठीची सेफ्टी न दाबता चाप ओढा: घोडा हलता कामा नये. घोडा चढवून अंगठ्याची सेफ्टी वर करा, चाप जोरात ओढा, सोडा, सेफ्टी खाली करा, आणि आता अंगठ्याने घोडा किंचित मागे ओढून कान लावा. बारीक "टिक" ऐकू आली तर सेफ्टी लागलेली असतानाही खिटी सरकली होती, म्हणजे सेफ्टी नीट बसवलेली नाही. तिसरं, स्लाइड पाव इंच मागे धरून चाप ओढा: घोडा पडता कामा नये. जे दिसेल ते जसंच्या तसं लिहून ठेवा.

दोन प्रश्न. स्लाइडला पुढे ढकलणारी आतली मोठी स्प्रिंग किती पौंडांची घातलीय त्याने? आणि चाप किती हलका हवा हे तुम्ही त्याला नेमकं कोणत्या शब्दांत सांगितलं होतं?

सुटसुटीत

एवढं घाबरायचं कारण नाही हो. मुठीच्या आत तीन पट्ट्यांची चपटी स्प्रिंग असते, तिची डावी पट्टी खिटीवर दाब देते. ती थोडी पुढे वाकवली की दाब वाढतो आणि पडणं थांबतं. मी माझ्या पिस्तुलाचं केलंय, दहा मिनिटांचं काम. त्यासाठी परत चौदा महिने कोण घालवणार?

जुनी_कानस

सुटसुटीत, तुमचं चाललं कारण तुमचे आकडे शाबूत होते. इथे आकड्यांचं काय झालंय हे कोणी पाहिलेलंच नाही. धार मोडलेली असताना पट्टी वाकवली तर पडणं वीसात तीनवरून शंभरात एकवर येईल, आणि माणूस समजेल की बरं झालं. वीसात तीन परवडलं, ते निदान दिसतं तरी. शिवाय यांनी पेचकस लावला रे लावला की तो गनस्मिथ पहिलं वाक्य म्हणणार, "तुम्ही उघडलं होतं." तिथे बोलणंच संपलं.

दुसरा_श्वास

काका, तुमचा दुसरा प्रश्न वाचून दोन दिवस उत्तर दिलं नाही. कारण उत्तर असं आहे की मी त्याला म्हणालो होतो, "जितका हलका करता येईल तितका कर." तोंडी. कागदावर फक्त "ट्रिगर जॉब" एवढंच आहे.

तपासण्या केल्या. मुठीची सेफ्टी ठीक. स्लाइड मागे धरून चाप ओढला, घोडा पडला नाही. अंगठ्याच्या सेफ्टीला मात्र टिक आली. पहिल्यांदा वाटलं भास असेल, म्हणून टीव्ही बंद करून, मुलीला शेजारी बसवून पुन्हा केलं. ती म्हणाली, "बाबा, वाजलं."

स्प्रिंग काढली नाही, तुम्ही उघडू नका म्हणालात म्हणून. पण सुटे भाग परत दिले होते त्या पिशवीत माझी जुनी स्प्रिंग आहे आणि सोबत नव्या स्प्रिंगचं रिकामं पाकीट. त्यावर १८.५ पौंड लिहिलंय.

जुनी_कानस

प्रामाणिकपणे सांगितलंत, बरं केलंत. "जितका हलका करता येईल तितका" हे वाक्य मी माझ्या उमेदीच्या काळात आठवड्यातून एकदा तरी ऐकायचो. ऐकलं की कानस खाली ठेवायची आणि विचारायचं: किती ग्रॅम? मूळ लष्करी पिस्तुलाचा चाप ५ ते ६.५ पौंडांचा. अमेरिकेत बुल्सआय नावाच्या पिस्तूल स्पर्धेच्या नियमांत .४५ ला साडेतीन पौंडांखालचा चाप चालत नाही, म्हणजे जवळजवळ १६०० ग्रॅम. हयातभर नेमबाजी करणारी माणसं त्या वजनावर काळ्या वर्तुळात दहा गोळ्या बसवतात. तुमचा ७८० आहे. तुम्ही चुकीचं मागितलंत, त्याने "नाही" म्हणायला हवं होतं. मागणाऱ्याला कळत नसतं, म्हणून तर करणाऱ्याला पैसे देतात. आणि सेफ्टीची टिक तर तुम्ही मागितलेलीच नव्हती. खिटी घासून तिची जागा बदलली, त्याप्रमाणे सेफ्टी पुन्हा बसवायला हवी होती. ते राहिलं. तो पूर्णपणे त्याचा दोष.

स्प्रिंगबद्दल. पाच इंची .४५ ला नेहमीची १६ पौंडांची. १८.५ घातली की स्लाइड आणखी जोरात पुढे येते, म्हणजे ती ढुशी आणखी मोठी. वर तुम्ही टार्गेटची हलकी गोळी वापरत असाल तर स्लाइड पुरती मागेही जात नसेल. नाक वर करून अडकण्यात त्याचाही हात असू शकतो. पण एकटं तेच असेल असं वाटत नाही. स्लाइड उतरवणं हे रोजचं साफसफाईचं काम आहे, त्यात "उघडलं" होत नाही. उतरवा, नळी फ्रेमवर ठेवा, खाली आणि मागे दाबून धरा, आणि गोळी जिथून वर चढते तो उतार बघा. फ्रेमचा उतार संपतो आणि नळीचा सुरू होतो तिथे पायरी हवी: नळीची कड फ्रेमच्या कडेपासून सुमारे ०.८ मिलिमीटर पुढे सरकलेली. नळीची कड फ्रेमवर डोकावत असेल तर गोळीचं नाक तिथे ठेचकाळतं. फोटो काढा.

हिशेबी

मी बंदुकीतली नाही, करारमदारातली आहे. पिस्तूल नवऱ्याचं, कटकट माझी. आमचंही असंच एकदा झालं होतं म्हणून लिहिते.

दुसरा_श्वास दादा, फोन बंद करा. फोनवर तो मोठा माणूस आणि तुम्ही संकोची, तुम्ही दर वेळी हरणार. लेखी द्या. पत्रात "निकृष्ट", "फसवणूक", "अपेक्षाभंग" यातला एकही शब्द नको. मोजमाप द्या: अमुक तारखेला पिस्तूल मिळालं, क्रमांक अमुक. तिसऱ्या मॅगझिनला चाप न ओढता घोडा अर्ध्या खाचेत आला, रेंज अधिकारी हजर होते. चाप ७८० ग्रॅम. सेफ्टी लागलेली असताना खिटी सरकते. फटीचं माप डावीकडे एवढं, उजवीकडे एवढं. प्रत्येकाचा फोटो. मग काय हवंय ते, आणि किती दिवसांत उत्तर हवंय ते. एवढंच.

आणि तुमच्या तक्रारीचे दोन ढीग करा. एकात घोडा आणि सेफ्टी, म्हणजे जीव जाऊ शकतो ते. दुसऱ्यात चेकरिंग आणि फट, म्हणजे डोळ्याला खुपतं ते. आम्ही सगळं एकाच पत्रात कोंबलं होतं. समोरच्याने सगळ्यात फालतू मुद्दा उचलला, रंगाच्या डागाचा, आणि महिनाभर त्याच्यावरच वाद घातला. पहिलं पत्र फक्त पहिल्या ढिगाचं.

दुसऱ्या गनस्मिथकडे न्यायचं तर फक्त पाहायला न्या. त्याच्याकडून लेखी घ्या काय दिसलं ते, आणि "कानस लावू नका" असं चार वेळा सांगा, या लोकांचे हात शिवशिवतात. देताघेताना प्रत्येक वेळी पिस्तुलाच्या क्रमांकासकट पावती घ्या. परवान्याच्या दृष्टीने वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे कधीही कागदावर दिसलं पाहिजे.

आणि हो, पत्रात तुमची चूक लपवू नका. "वजन आकड्यात सांगितलं नव्हतं, आता सांगतो" असं लिहून टाका. तो ते वाक्य तुमच्यावर फेकणारच आहे, तुम्ही आधीच ठेवलंत की त्याच्या हातात काही राहत नाही.

दुसरा_श्वास

ताई, पत्र लिहिलं. चार मसुदे फाडले. पहिल्यात "आपल्यासारख्या ज्येष्ठ कारागिराकडून" अशी सुरुवात होती, मुलीने वाचून विचारलं की हे सत्काराचं भाषण आहे का. शेवटी अर्ध्या पानाचं झालं.

काका, उताराचा फोटो काढला. पायरी नाहीच. नळीची कड फ्रेमवर डोकावतेय, नखाला लागते.

दुसरा_श्वास

सात आठवड्यांनी लिहितोय.

पत्राला आठव्या दिवशी उत्तर आलं, तेही फोनवर नाही, लेखी. "पिस्तूल घेऊन या, समोर बसून बघू." गेलो. त्यांनी स्वतः रिकाम्या पिस्तुलावर सेफ्टी लावून चाप ओढला, घोडा कानाशी धरला. टिक झाली. काही बोलले नाहीत. पुन्हा केलं. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "चेकरिंग आणि सेफ्टी मुलाने केलं होतं. मी तपासायला हवं होतं." मी बरोबर वादाची तयारी करून गेलो होतो, सगळे मुद्दे पाठ. ते तसेच खिशात राहिले.

खिटी काढून भिंगाखाली मला दाखवली. धार जिथे सरळ रेघ असायला हवी तिथे मधोमध उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. यातले तीन घाव माझे, मोजून. घोडा आणि खिटी दोन्ही नवीन, एकमेकांना जुळवून घातली. चाप त्यांनी विचारलं किती, मी म्हटलं १७००. समोरच गेजवर पाच वेळा ओढून दाखवला: १६८० ते १७२० च्या मध्ये. सेफ्टी नवीन बसवली. नळीची कड घासून पुढे घेतली, आता पायरी आहे. या सगळ्याचे पैसे घेतले नाहीत. नव्या घोड्याचे मी देऊ केले, तेही नाही घेतले.

चेकरिंगचं दुसरं पत्र मी पाठवलंच नाही. पट्टी आधीच पातळ झालीय, पुन्हा खोल कोरायला तिच्यात लोखंड उरलेलं नाही, हे त्यांनी कॅलिपर लावून दाखवलं. फट आहे तशीच आहे. हिशेबी ताई, तुम्हाला हे आवडणार नाही, ठाऊक आहे.

रेंजवर आधी मॅगझिनमध्ये एकच गोळी, मग दोन, मग तीन, असं चढवत गेलो. एकूण २१० झाल्या. घोडा एकदाही पडला नाही, अडकली एकच, ती एकशेचाळिसाव्या गोळीच्या आसपास, आणि ते मॅगझिन माझं जुनं, ओठ (गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकलेलं आहे.

हिशेबी

आवडलं नाहीच. निदान चेकरिंगची मजुरी तरी परत मागायची. पण पिस्तूल तुमचं.

जुनी_कानस

उताराला हात लावलाय म्हणजे एक काम राहिलं. कड पुढे घेतल्यावर चेंबरच्या तळाशी काडतुसाचा थोडा भाग आधाराविना राहतो. जास्त घेतली असेल तर तिथे पितळ फुगतं, आणि फारच घेतली तर फुटतं. उडालेल्या पुंगळ्या ठेवल्यात का? बुडाजवळ, कडेच्या जरा वर, एका बाजूला फुगवटा येतोय का ते बोट फिरवून पाहा. आणि स्प्रिंग कोणती आहे आता?

दुसरा_श्वास

पुंगळ्या डब्यात होत्या. आत्ता चाळीसेक पाहिल्या, टेबलावर लोळवूनही पाहिल्या. सरळ लोळतात, फुगवटा नाही. जुन्या नळीतल्या पुंगळ्यांशेजारी ठेवल्या तरी फरक कळत नाही. स्प्रिंग १६.

जुनी_कानस

मग मारा. ते ओठ वाकलेलं मॅगझिन फेकून द्या.